चतुर आणि टाचणी यांची अर्भके

चतुर आणि टाचणी यांची अर्भके म्हणजे ओडोनाटा गणातील कीटकांची, अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख फुटेपर्यंतची, पाण्यात जगण्याची अवस्था होय. अर्भकाला इंग्रजीवरून आलेल्या ‘निम्फ’ या नावानेही ओळखले जाते. काही लेखनात ‘डिंभ’ ही व्यापक संज्ञाही वापरलेली आढळते. या कीटकांच्या जीवनक्रमात अंडे, अर्भक आणि प्रौढ अशा तीनच अवस्था असतात. फुलपाखरू किंवा भुंगेरा यांच्याप्रमाणे कोशावस्था नसते, म्हणून या बदलाला अपूर्ण रूपांतरण म्हणतात.

प्रौढ चतुर हवेत सहज दिसतो, त्यामुळे तो उडणारा कीटक म्हणूनच परिचित आहे. प्रत्यक्षात बहुतेक जातींच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो. अर्भकाचे डोके, तोंड, श्वसनेंद्रिये आणि शेपटाकडील अवयव पाण्यातील शिकारीसाठी घडलेले असतात आणि त्याच्या वाढीचा वेग पाणी किती दिवस टिकते याच्याशी निगडित असतो. वाशीम जिल्ह्यातील जऊळका परिसरासारख्या, ज्या भागात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि अनेक ओढे हिवाळ्यानंतर आटतात, तेथे हा संबंध विशेष स्पष्ट होतो.

वर्गीकरण

ओडोनाटा गणात जगभरात सहा हजारांहून अधिक जाती असून भारतात सुमारे ५०० जाती आढळतात. २०१५ मध्ये आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी प्रसिद्ध केलेल्या सूचीत महाराष्ट्रातील १३४ जातींचा समावेश आहे. या गणाचे मुख्य दोन उपगण आहेत. ॲनिसोप्टेरा उपगणात चतुर येतात. त्यांचे शरीर दणकट असून बसताना पंख आडवे पसरलेले असतात. झायगोप्टेरा उपगणात टाचण्या येतात. त्यांचे शरीर सुईसारखे बारीक असून बहुतेक जाती बसताना पंख पाठीवर मिटून घेतात. अनिसोझायगोप्टेरा हा तिसरा उपगण अत्यंत लहान असून त्यातील एपिओफ्लेबिया या प्रजातीच्या मोजक्याच जाती आज अस्तित्वात आहेत.

दोन मुख्य उपगणांतील भेद अर्भकावस्थेतही ठळक असतो. चतुराचे अर्भक आखूड, रुंद व जाडसर असते आणि त्याच्या उदराच्या टोकाला पाच लहान काट्यांचा सुळका असतो. टाचणीचे अर्भक काडीसारखे लांबट असते आणि त्याच्या उदराच्या टोकाला पानांसारखी तीन पुच्छपत्रे असतात.

शरीररचना

अर्भकाचे शरीर इतर कीटकांप्रमाणे डोके, वक्ष आणि उदर अशा तीन भागांत विभागलेले असते. शरीरावर कायटिनयुक्त कठीण आवरण असते. रंग सामान्यतः तपकिरी, मातकट किंवा हिरवट असून तो भोवतालच्या चिखलाशी किंवा पाणवनस्पतींशी मिळताजुळता असतो. अनेक चतुरांच्या अर्भकांच्या अंगावर बारीक केस असतात. त्यांत गाळ अडकून राहतो व अर्भक तळाशी दिसेनासे होते.

डोके

डोक्यावर दोन संयुक्त नेत्र व शृंगिकांची एक जोडी असते. डोळ्यांचा आकार शिकारीच्या पद्धतीनुसार बदलतो. एश्निडी कुळातील मोठ्या चतुरांची अर्भके वनस्पतींवर फिरून नजरेने भक्ष्य टिपतात, म्हणून त्यांचे डोळे मोठे असतात. गॉम्फिडी कुळातील अर्भके वाळूत किंवा गाळात पुरून घेतात. तेथे नजरेचा उपयोग कमी, त्यामुळे त्यांचे डोळे लहान राहतात आणि चारच खंडांच्या आखूड, जाड शृंगिका स्पर्शाचे काम करतात. इतर बहुतेक कुळांत शृंगिका बारीक असून त्यांना सहा किंवा सात खंड असतात.

अधरोष्ठ किंवा मुखवटा

अर्भकाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अवयव म्हणजे त्याचा अधरोष्ठ, अर्थात खालचा ओठ. बहुतेक कीटकांत हा अवयव लहान असतो. येथे मात्र तो लांब होऊन त्याला मध्ये कोपरासारखा सांधा आला आहे. विश्रांतीच्या वेळी तो घडी करून डोक्याखाली, पुढच्या पायांच्या मधोमध ठेवलेला असतो. अनेक जातींत त्याचा पुढचा भाग चेहऱ्याचा खालचा भाग झाकतो, म्हणून त्याला ‘मुखवटा’ असेही म्हणतात. पुढच्या टोकाला दोन हलणारे पकडअवयव असतात आणि त्यांवर आकडे किंवा राठ केस असतात.

भक्ष्य टप्प्यात आले की हा ओठ झटक्यात पुढे फेकला जातो, भक्ष्य पकडतो आणि पुन्हा घडी होऊन ते जबड्यांपाशी आणतो. पुढे फेकण्याची क्रिया सेकंदाच्या काही शतांशांत पूर्ण होते. उदराचे स्नायू आवळून निर्माण होणाऱ्या द्रवदाबाने ओठ बाहेर ढकलला जातो, असे पूर्वी मानले जाई. २०२१ मध्ये जर्मनीतील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या यंत्रणेचे वेगळे स्पष्टीकरण दिले. ओठाच्या दोन सांध्यांपाशी लवचिक भागांत ताण साठवला जातो आणि तो एकदम मोकळा होतो. म्हणजे गलोलीचे ताणलेले रबर सोडावे तशी ही क्रिया घडते.

ओठाचा आकार कुळाच्या ओळखीसाठी महत्त्वाचा आहे. लिबेल्युलिडी कुळात तो खोलगट चमच्यासारखा असतो. असा ओठ गाळासह लहान भक्ष्य ओंजळीत घ्यावे तसे उचलतो. एश्निडी आणि गॉम्फिडी कुळांत, तसेच बहुतेक टाचण्यांत, तो सपाट असतो.

वक्ष

वक्षाला सांधेदार पायांच्या तीन जोड्या असतात. चतुराच्या अर्भकाचे पाय मजबूत असून चालणे, उकरणे व घट्ट धरून राहणे यांसाठी उपयोगी पडतात, तर टाचणीच्या अर्भकाचे पाय लांब व नाजूक असतात. पहिल्या काही टप्प्यांत पंखांचा मागमूस नसतो. पुढे पाठीवर पंखांच्या चार लहान पिशव्या दिसू लागतात; त्यांना पंखकोश म्हणतात. प्रत्येक वेळी कात टाकल्यावर पंखकोश लांब होतात आणि शेवटच्या टप्प्यात ते उदराच्या पहिल्या काही खंडांवर पोहोचतात. पंखकोशांची लांबी पाहून अर्भकाचे वाढीतील स्थान अंदाजे सांगता येते.

उदर

उदराचे दहा खंड स्पष्ट दिसतात. चतुरांच्या अनेक जातींत पाठीवर आकडे आणि कडांना काटे असतात. त्यांची संख्या व जागा यांवरून जाती ओळखल्या जातात. उदराच्या टोकाशी, गुदद्वाराभोवती, उपांगे असतात. चतुरात ती आखूड व टोकदार राहून एकत्र मिटली की शंकूसारखा सुळका तयार होतो. टाचणीत यांपैकीच तीन उपांगे चपटी व लांब होऊन पुच्छपत्रे बनतात. म्हणजे दोन्ही उपगणांतील अवयव मुळात एकच असून त्यांचा विकास वेगळ्या दिशांनी झाला आहे.

श्वसन आणि हालचाल

कीटकांच्या शरीरात हवा श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. ओडोनाटांच्या अर्भकातही असे जाळे असते. परंतु पाण्यात असताना त्याची बाहेरची छिद्रे कार्यरत नसतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पातळ त्वचेतून किंवा कल्ल्यांतून आत झिरपतो आणि नलिकांमधून पसरतो.

चतुराच्या अर्भकाचे कल्ले बाहेरून दिसत नाहीत. ते गुदाशयाच्या आतील भिंतीवर, श्वासनलिकांनी भरलेल्या घड्यांच्या रांगांच्या स्वरूपात असतात. अर्भक उदर फुगवून व आकुंचित करून गुदद्वारावाटे पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. हेच पाणी जोराने बाहेर फेकले की अर्भक विरुद्ध दिशेने पुढे झेपावते. श्वसनाचा अवयव असा पळून जाण्याचे साधनही ठरतो. पाणी भरलेल्या पांढऱ्या ताटलीत ठेवलेले अर्भक पाय न हलवता एकाएकी पुढे सरकते, ते या फवाऱ्यामुळे.

टाचणीच्या अर्भकात पुच्छपत्रे, शरीराची त्वचा आणि गुदाशय हे तिन्ही श्वसनास हातभार लावतात. पुच्छपत्रांतील श्वासनलिकांच्या फांद्या पानाच्या शिरांसारख्या दिसतात. पोहताना अर्भक शरीर डावीउजवीकडे वळवते आणि पुच्छपत्रे वल्ह्यांचे काम करतात. शत्रूने पुच्छपत्र पकडल्यास ते मुळाशी तुटते आणि अर्भक निसटते. पुढच्या कातींनंतर नवे पत्र उगवते, मात्र ते बहुधा आधीच्यापेक्षा लहान असते. पुच्छपत्रांवाचूनही अर्भक जगू शकते. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मात्र त्यांची उणीव जाणवते.

सह्याद्रीतील वाहत्या ओढ्यांत आढळणाऱ्या युफिया प्रजातीच्या टाचण्यांच्या अर्भकांत उदराच्या दोन्ही कडांना धाग्यांसारखे जादा कल्लेही असतात.

आहार

सर्व अर्भके मांसाहारी असतात. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अर्भके एकपेशीय जीव व सूक्ष्म कवचधारी प्राणी खातात. वाढ होईल तसे डासांच्या व इतर माश्यांच्या अळ्या, पाण्यातील किडे, गोगलगायी, बेडकांची पिल्ले आणि मोठ्या जातींच्या बाबतीत लहान मासेही त्यांचे भक्ष्य होतात. एकाच डबक्यातील मोठी अर्भके लहान अर्भकांना खातात; स्वजातीयही त्याला अपवाद नसतात. भक्ष्य जबड्यांनी फाडल्यावर त्याचे तुकडे आतील दातेरी पेषणीत आणखी बारीक होतात.

अर्भकांना विष किंवा नांगी नसते. हाताळल्यास मोठे अर्भक क्वचित चिमटा घेते, पण त्यापासून माणसाला अपाय होत नाही.

विकास

अंडे

अंडी घालण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. टाचण्या आणि एश्निडी कुळातील चतुर यांच्या माद्यांना धारदार अंडनिक्षेपक असतो. त्या पाणवनस्पतींचे देठ किंवा कुजके लाकूड चिरून त्यात लांबट अंडी ठेवतात. लिबेल्युलिडी व गॉम्फिडी कुळांतील माद्या उदराचे टोक पाण्यावर टेकवून किंवा आपटून गोलसर अंडी मोकळी सोडतात. यामुळे ज्या पाण्यात वनस्पतीच नाहीत, तेथे पहिल्या गटातील जातींना अंडी घालण्यास जागा मिळत नाही. उष्ण प्रदेशात अंडी साधारणतः एक ते तीन आठवड्यांत उबतात. काही जातींत याहून लवकर उबतात.

पूर्वार्भक

अंड्यातून प्रथम बाहेर येणारा जीव पूर्वार्भक असतो. त्याचे पाय एका पातळ आवरणात लपेटलेले असल्याने त्याला चालता येत नाही. तो केवळ वळवळू शकतो. ही अवस्था बहुधा काही सेकंद ते काही मिनिटे टिकते. अंडी पाण्याबाहेरच्या देठात असतील तर पूर्वार्भक उसळ्या घेत पाण्यापर्यंत पोहोचते. त्यानंतर आवरण फाटून पाय मोकळे झालेले पहिले खरे अर्भक बाहेर येते. त्याची लांबी एक ते दोन मिलिमीटर इतकीच असते.

कात टाकणे

बाहेरचे कवच ताणत नसल्याने वाढीसाठी अर्भकाला वारंवार कात टाकावी लागते. दोन कातींमधील काळाला टप्पा म्हणतात. बहुतेक जातींत ८ ते १५ टप्पे असतात, काहींत त्याहून अधिक. एकाच जातीतही तापमान व अन्नपुरवठा यांनुसार टप्प्यांची संख्या बदलू शकते. प्रत्येक कातीनंतर डोक्याची रुंदी साधारण एकचतुर्थांशाने वाढते. कात टाकण्याचे नियंत्रण संप्रेरके करतात. बालसंप्रेरकाचे प्रमाण जास्त असेपर्यंत प्रत्येक काठीनंतर पुन्हा अर्भकच तयार होते. ते घटल्यावर शेवटच्या कातीतून प्रौढ बाहेर येतो.

अर्भकावस्थेचा काळ जातीनुसार फार वेगवेगळा असतो. पँटाला फ्लॅव्हेसेन्स या चतुराची अर्भके उष्ण, उथळ पाण्यात सुमारे ३८ ते ६५ दिवसांत पूर्ण वाढतात. मोठ्या चतुरांना काही महिने लागतात. थंड प्रदेशांतील आणि डोंगरी प्रवाहांतील काही जातींना अनेक वर्षे लागतात. हिमालयातील एपिओफ्लेबिया लेडलॉई या जातीचे अर्भक थंड ओढ्यांत पाच वर्षांहून अधिक काळ वाढत राहते. या जातीचे पहिले वर्णन १९२१ मध्ये रॉबिन टिलयार्ड यांनी दार्जिलिंग भागात मिळालेल्या अर्भकावरूनच केले. प्रौढ कीटकाची ओळख त्यानंतर झाली.

अंतिम टप्प्यातील बदल

कोशावस्था नसली तरी शेवटच्या टप्प्याच्या अखेरीस कवचाच्या आत मोठे फेरबदल होतात. संयुक्त नेत्र वाढून डोक्यावर पसरतात. पंखकोश फुगतात. लांब अधरोष्ठातील पेशीजाल मागे सरकते आणि आत प्रौढाचा आखूड ओठ घडतो. त्यामुळे अर्भक खाणे थांबवते. वक्षावरील श्वसनछिद्रे कार्यरत होतात आणि अर्भक पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन हवेतून श्वास घेऊ लागते. या दिवसांत ते पाण्याच्या काठाजवळ स्थिर बसलेले दिसते.

प्रौढाचे निर्गमन

पूर्ण वाढलेले अर्भक वनस्पतीचा देठ, दगड, विहिरीची भिंत किंवा बांधाचा उतार यांवर चढते आणि पायांनी घट्ट पकड घेते. कवच सुकल्यावर वक्षाच्या पाठीवर चीर पडते. प्रथम वक्ष व डोके, नंतर पाय आणि पंख बाहेर येतात. लिबेल्युलिडी व एश्निडी कुळांतील कीटक या वेळी मागे वाकून उलटा लोंबकळतो, पाय टणक होईपर्यंत तसाच राहतो आणि मग उसळी घेऊन उदर बाहेर काढतो. गॉम्फिडी कुळातील चतुर आणि टाचण्या सरळ स्थितीतच बाहेर पडतात. यानंतर शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत शिरून चुरगळलेले पंख उलगडतात. संपूर्ण क्रियेला सामान्यतः अर्धा ते तीन तास लागतात.

अनेक मोठे चतुर रात्री बाहेर पडतात, तर बहुतेक टाचण्या दिवसा. नवजात प्रौढ मऊ, फिकट आणि चमकदार पंखांचा असतो व त्याला काही काळ नीट उडता येत नाही. मुंग्या, कोळी व पक्षी यांच्याकडून होणारी हानी या वेळी मोठी असते. वारा किंवा पाऊस यांमुळे पंख वाकडे सुकल्यास ते पुन्हा सरळ होत नाहीत.

मागे उरलेल्या रिकाम्या कवचाला कात म्हणतात. तिच्या फाटलेल्या भागातून पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचे अस्तर असते. प्रौढ चतुर दुरूनही उडत येऊ शकतो, मात्र कात सापडणे हा त्या पाण्यात त्या जातीचे प्रजनन पूर्ण झाल्याचा पुरावा असतो. कोणत्याही जिवाला न मारता मिळणारा हा पुरावा असल्याने सर्वेक्षणात त्याला विशेष महत्त्व आहे.

जऊळका परिसर आणि पाण्याचा कालावधी

जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव असून अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ते जऊळका रेल्वे या नावानेही ओळखले जाते. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून वाहते, तर काटेपूर्णा नदी जिल्ह्यात उगम पावून उत्तरेकडे पूर्णेला मिळते. सोयाबीन, तूर व कापूस ही या भागातील प्रमुख पिके आहेत. अशा प्रदेशात अर्भकांना उपलब्ध होणारे पाणी टिकण्याच्या मुदतीनुसार तीन प्रकारचे असते. पुढे दिलेल्या जाती विदर्भात सर्वत्र आढळणाऱ्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे पावसाळी डबकी, शेतातील खोलगट जागा आणि खडकावरील खळगे. हे पाणी काही आठवडेच टिकते. येथे पँटाला फ्लॅव्हेसेन्सचे प्रौढ मोसमी वाऱ्यांबरोबर येऊन अंडी घालतात. अशा डबक्यांत मासे नसल्याने अर्भकांना धोका कमी असतो. परंतु पावसाने मध्येच मोठी ओढ दिली आणि डबके महिन्याभरात आटले तर त्यातील संपूर्ण पिढी नष्ट होते. पाणी दीड ते दोन महिने टिकल्यास ती पंख फुटून निघून जाते. भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत या जातीचे स्थलांतर होते, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. अनेक पिढ्यांत पूर्ण होणाऱ्या या प्रवासाचा आधार अशी अल्पजीवी डबकीच असतात.

दुसरा प्रकार म्हणजे हिवाळ्यापर्यंत वाहणारे नाले व ओढे, पाझर तलाव आणि बंधाऱ्यांमागे साचलेले पाणी. येथे लव्हाळे, पाणकणीस व शेवाळ वाढते आणि त्यांच्या आधाराने सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलियानम, इश्नुरा सेनेगॅलेन्सिस यांसारख्या टाचण्या आणि ऑर्थेट्रम सबिना, क्रोकोथेमिस सर्विलिया यांसारखे चतुर वाढतात.

तिसरा प्रकार म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारे पाणी: विहिरी, मोठे तलाव, नदीतील डोह आणि सिमेंटचे हौद. इक्टिनोगॉम्फस रापॅक्स या मोठ्या चतुराची अर्भके तलावांच्या गाळात राहतात. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा ग्रॅनाइटसारख्या ठिपक्यांचा राखाडी चतुर विहिरी, हौद आणि खडकातील पाण्यात अंडी घालतो व तेथील भिंतींवर सहसा बसलेला दिसतो. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा चतुर सांडपाण्याने दूषित झालेल्या तळ्यांतही वाढतो.

कोरडा काळ पार पाडण्याच्या रीती जातीनुसार बदलतात. काही जाती स्थलांतर करतात. लेस्टिस प्रजातीच्या काही टाचण्या प्रौढावस्थेतच झुडपांच्या आडोशाला थांबतात आणि पाऊस पडल्यावर प्रजनन करतात. इतर जातींची अर्भके उरलेल्या कायम पाण्यात तग धरतात. त्यामुळे एखादा डोह किंवा जुनी विहीर उन्हाळ्यात टिकून राहणे हे पुढच्या पावसाळ्यात सभोवतालच्या ओढ्यांत चतुर दिसण्याचे एक कारण असते.

शेततळ्यांमुळे अलीकडच्या काळात पाण्याच्या जागा वाढल्या आहेत. मात्र प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या, उभ्या काठांच्या शेततळ्यात पाणवनस्पती रुजत नाहीत, गाळ कमी असतो आणि निर्गमनासाठी आधारही कमी मिळतो. पाण्यात मोकळी अंडी सोडणाऱ्या जातींना असे तळे उपयोगी पडू शकते; देठात अंडी घालणाऱ्या टाचण्यांना ते अपुरे ठरते. काठाचा काही भाग उथळ ठेवून तेथे वनस्पती वाढू दिल्यास दोन्ही गटांना आसरा मिळतो.

परिसंस्थेतील स्थान

मासे नसलेल्या पाण्यात चतुरांची अर्भके ही बहुधा सर्वांत मोठी भक्षक असतात. मासे, बेडूक, पाणपक्षी, पाणढेकूण आणि पाणभुंगेरे त्यांना खातात. लहान जीव खाऊन स्वतः मोठ्या प्राण्यांचे अन्न होणारी ही अर्भके पाण्यातील अन्नसाखळीचा मधला दुवा आहेत. प्रौढ होऊन उडून गेल्यावर पाण्यातील अन्नद्रव्य जमिनीवरील पक्षी व कोळी यांच्यापर्यंत पोहोचते.

राहण्याच्या पद्धतीवरून अर्भकांचे काही गट केले जातात. वनस्पतींवर चढून राहणारी, तळाच्या पाचोळ्यात पसरून बसणारी, गाळात पुरून घेणारी आणि वाहत्या पाण्यात दगडांना चिकटणारी अर्भके त्यांच्या शरीराच्या घडणीवरूनच वेगळी ओळखता येतात.

डासनियंत्रण

अर्भके डासांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात खातात. म्यानमारमधील यांगून शहरात घरगुती पाणीसाठ्यांत क्रोकोथेमिस सर्विलियाची अर्भके सोडून डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची संख्या कमी करण्याचा प्रयोग रहिवाशांच्या सहभागाने करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगात डासांच्या अळ्यांची संख्या लक्षणीय घटली.

या उपायाला कालावधीची मर्यादा आहे. उष्ण हवेत डासाची पिढी एक ते दोन आठवड्यांत पूर्ण होते, तर सर्वांत वेगाने वाढणाऱ्या चतुरालाही पाच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे नव्याने साचलेल्या पाण्यात डासांच्या पहिल्या पिढ्या अर्भके मोठी होण्याआधीच उडून जातात. जे पाणी महिनोन्महिने टिकते, उदाहरणार्थ विहीर किंवा तलाव, तेथे अर्भकांचा उपयोग अधिक होतो. घरातील रांजण, टाक्या व कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करणे हा आरोग्य खात्याने सुचवलेला उपाय त्यामुळे आवश्यकच राहतो.

जलगुणवत्तेचे निर्देशक

अर्भके दीर्घकाळ एकाच पाण्यात राहत असल्याने त्या पाण्याची मागील काही आठवड्यांची किंवा महिन्यांची स्थिती त्यांच्या अस्तित्वातून समजते. पाण्याचा एक नमुना केवळ त्या क्षणाची स्थिती सांगतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या कुळांना गुण देऊन पाण्याचा दर्जा ठरवण्याच्या पद्धती जगात रूढ असून भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशी पद्धत स्वीकारली आहे. सर्व जाती सारख्या संवेदनशील नसतात. म्हणून केवळ अर्भके आढळली एवढ्यावरून पाणी स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही; कोणत्या आणि किती जाती आहेत हे पाहावे लागते. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा एकटीच विपुल असेल, तर ते बहुधा प्रदूषणाचे लक्षण असते.

धोके

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये जगातील ६,०१६ जातींचे पहिले संपूर्ण मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यानुसार १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. पाणथळ जागा बुजवणे, प्रवाह अडवणे किंवा वळवणे, सांडपाणी, कीटकनाशके आणि बदलते हवामान ही प्रमुख कारणे आहेत. शेतातून वाहून येणारी कीटकनाशके अर्भकांना थेट मारतात किंवा त्यांचे भक्ष्य संपवतात. जपानमध्ये भातशेतीत वाढणाऱ्या लाल चतुरांची १९९० च्या दशकापासून झालेली घट फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांशी जोडली गेली आहे. नाल्याचे पात्र खोल व सरळ करताना काठची वनस्पती आणि तळाचा गाळ पूर्णपणे काढल्यास अंडी घालण्याची आणि लपण्याची जागाही जाते.

ओळख

इतर जलकीटकांच्या पिल्लांशी ओडोनाटांच्या अर्भकांची गल्लत होऊ शकते. मेफ्लायच्या अर्भकाच्या टोकाला बहुधा तीन बारीक धागे असतात आणि उदराच्या कडांना कल्ले असतात. टाचणीची पुच्छपत्रे त्यापेक्षा रुंद व पानांसारखी असतात. पाणभुंगेऱ्याच्या अळीला विळ्यासारखे जबडे असतात, पण पंखकोश नसतात. पाणढेकणाला चोचीसारखे तोंड असते. डोक्याखाली घडी केलेला सांधेदार ओठ फक्त ओडोनाटांतच आढळतो, म्हणून ओळखीची तीच सर्वांत खात्रीची खूण आहे.

अभ्यासाचा इतिहास

टिलयार्ड यांचा १९१७ मधील ‘द बायोलॉजी ऑफ ड्रॅगनफ्लाइज’ हा ग्रंथ अर्भकांच्या शरीररचनेच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत असलेले फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत ओडोनाटांवरील तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. फिलिप कॉर्बेट यांच्या १९९९ मधील ग्रंथात जगभरातील जातींच्या वर्तनाचा व परिस्थितिकीचा आढावा आहे.

विदर्भात या विषयाची परंपरा नागपूर येथे विकसित झाली. नागपूर विद्यापीठातील डी. बी. टेंभरे यांनी चतुरांच्या चेता-संप्रेरक संस्थेचा अभ्यास केला. हिस्लॉप महाविद्यालयातील रेमंड अँड्र्यू यांनी मध्य भारतातील जातींच्या अंडनिक्षेपणाच्या आणि निर्गमनाच्या नोंदी केल्या. २००८ मध्ये ओडोनाटाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद नागपूरला भरली. अर्भकांचे वर्णन प्रौढांच्या तुलनेत अवघड असते, कारण एकाच जातीचे रूप टप्प्याटप्प्याने बदलते. यासाठी शेवटच्या टप्प्यातील अर्भक पाण्याच्या पात्रात काडीसह ठेवून प्रौढ बाहेर येईपर्यंत वाढवले जाते आणि मागे राहिलेली कात त्या प्रौढाशी जोडून जपली जाते. या रीतीने अर्भक कोणत्या जातीचे हे निश्चित करता येते.

हे सुद्धा पाहा

कीटक
चतुर
टाचणी
रूपांतरण
शेततळे
वाशीम जिल्हा